तिथी, पाणी आणि जिताडा

नाशिकच्या वाचकापुढे खाऱ्या पाण्यातील गळाच्या मासेमारीचे प्रकरण मांडणे हा उद्योग प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटर असला, तरी तेथे उगम पावणारी गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस १,४६५ किलोमीटरांची वाट चालते आणि बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्या तीरावर वसलेल्या शहराची दृष्टीही साहजिकच पूर्वाभिमुख राहिली. परंतु त्याच डोंगररांगेच्या पश्चिम उतारावर पडलेला पाऊस वैतरणेच्या रूपाने मोखाडा-वाड्याच्या रानातून खाली उतरतो आणि अर्नाळ्याच्या किल्ल्यापाशी समुद्राला जाऊन भिडतो. पेठ, सुरगाणा आणि दिंडोरी या तालुक्यांच्या डोंगरांतून निघणाऱ्या दमणगंगा व पार या नद्यांचीही गती तीच. ह्या नद्यांच्या मुखांशी नाशिकचा संबंध आजकालचा नाही. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा जो प्रसिद्ध शिलालेख आहे, त्यात त्याने केलेल्या दानधर्माच्या यादीत पारदा, दमणा, डाहणुका इत्यादी नद्यांवर प्रवाशांसाठी विनामूल्य नावांची तजवीज केल्याचा उल्लेख येतो. म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकच्या डोंगरात कोरलेल्या दस्तऐवजात ह्याच खाड्यांवरील तरींची नोंद झालेली आहे. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार आणि विक्रमगड ह्या मार्गाने आज सकाळी निघालेला नाशिककर दुपारपर्यंत पालघरच्या किनाऱ्यावर उभा राहू शकतो. तेथे पोहोचल्यावर पाण्याकडे कसे पाहावे, एवढाच ह्या प्रकरणाचा विषय.

क्षेत्राची हद्द आधी आखून घेतलेली बरी. तांडेल आणि खलाशी मिळून ज्या खोल समुद्रात डोल किंवा दालदी जाळी लावतात, तो मुलूख येथे अभिप्रेत नाही. किनाऱ्यावर, बांधावर, पुलाशेजारी, खडकावर किंवा लहानशा होडीत बसून माणसाच्या हाताने फेकलेली दोरी जेथवर पोहोचते, तेवढी अरुंद पट्टी आपल्यासमोर आहे. आणि ह्याच पट्टीत जिताडा, रावस, तांबोशी, हेकरू यांसारखे बलाढ्य शिकारी मासे पोटामागे येतात. कोकणात ह्या कामाला ‘गरवणे’ म्हणतात. ही विद्या साहेबांनी आणली असा एक समज सुशिक्षितांत आढळतो, तो साधार नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोद हा राजाच्या करमणुकीचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून वर्णिलेला असून, समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे माशांचे वर्गीकरण, दोरी, काठी आणि आमिष यांचा तपशील त्यात आहे, प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्या भागाचा परामर्श घेऊन तो आधुनिक मत्स्यशास्त्राच्या अभ्यासकांसमोर ठेवला. इंग्रज अमदानीत दक्षिण कानडा जिल्ह्याचा कलेक्टर हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. कलेक्टरकचेरीतला माणूस मंगळूरसारख्या खाडीमुखावर नेमला गेला म्हणजे जमाबंदीबरोबर त्याला आणखी काय काय उमगते, ह्याचे ते पुस्तक चांगले उदाहरण आहे.

गंगापूर धरणाच्या काठी किंवा गोदावरीच्या डोहात मरळ आणि वाम यांच्यासाठी बसणाऱ्याची सवय अशी असते की, एकदा जागा हेरली म्हणजे तो दिवसभर तेथून हलत नाही. जागा चांगली असेल तर मासा आज ना उद्या येणारच, असा त्याचा विश्वास असतो आणि गोड्या पाण्यात तो बहुधा खोटाही ठरत नाही. खाडीत हा शिरस्ता निरुपयोगी आहे. सकाळी सात वाजता ज्या कातळाभोवती पुरुषभर पाणी होते, तेथे दुपारी एक वाजता कुर्ल्या चिखलात फिरत असतात; जेथे जिताडा दबा धरून होता, तेथे चिखलाने माखलेला खांब तेवढा उरतो. खाडीतला मासा जागेला बांधलेला नाही, वेळेला बांधलेला आहे, आणि ती वेळ घड्याळातली नसून पंचांगातली आहे. पुढे जे काही सांगावयाचे आहे ते सारे ह्या एका गोष्टीतून निघते.

भरतीची वेळ काढण्याची जी रीत आपल्या किनाऱ्यावरील दर्यावर्दी मंडळींत पूर्वापार चालत आली आहे, ती इतकी सोपी आहे की शाळेत ती शिकविली जात नाही ह्याचे आश्चर्य वाटते. तिथीच्या अंकाला तिनाने गुणावे आणि चाराने भागावे. जो अंक येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष आणि वद्य पक्ष दोन्हींना हिशोब एकच, आणि सकाळची वेळ कळली की सुमारे साडेबारा तासांनी दुसरी भरती येतेच. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि ही रीत पंचेचाळीस मिनिटे धरते, त्यामुळे पक्ष सरत येईल तसे उत्तर थोडे मागे पडते. मुंबईस पौर्णिमेची भरती प्रत्यक्षात बाराच्या आसपास लागते. दक्षिणेस मालवण-गोव्याकडे ती मुंबईच्या आधी येते, उत्तरेस खंभातच्या आखाताकडे नंतर. आणि खाडीच्या मुखापासून जितके आत जावे तितका आणखी उशीर. ज्यांना मिनिटांचा काटेकोरपणा हवा त्यांच्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीची कोष्टके आहेत, आणि मुंबईच्या अपोलो बंदरावर तर १८७८ पासून पाण्याची उंची मोजली जात आहे. तरीही किनाऱ्यावरच्या माणसाला बोटांवर करता येणारा हिशोब अधिक सोयीचा पडतो, ह्यात नवल नाही. त्याला रेल्वे गाठायची नसते.

वेळेइतकेच महत्त्व पाण्याच्या जोराला आहे. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एकदोन दिवसांत उधाण येते, म्हणजे भरती सर्वांत उंच चढते आणि ओहोटी सर्वांत खाली जाते. अष्टमीपासून दशमीच्या सुमारास भांग असतो, त्या वेळी पाणी थोडे चढते आणि थोडेच उतरते. उत्तर व दक्षिण कोकणातील अंतर येथे फार जाणवते. मालवणकडे उधाणाचा चढउतार दोन मीटरांच्या आसपास, मुंबईस साडेचार मीटरांपर्यंत, डहाणूकडे त्याहूनही अधिक, आणि खंभातच्या आखातात भावनगरजवळ तो दहा मीटरांच्या घरात जातो. उत्तरेस समुद्राखालची उथळ भूमी रुंदावत जाते आणि आखाताचे तोंड पुढे निमुळते होत जाते, त्यामुळे आत शिरणाऱ्या पाण्याला वर चढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. एवढे पाणी सहा तासांत ये-जा करते तेव्हा तळचा गाळ घुसळून निघतो, आणि उधाणाच्या दिवसांत पालघर-वसईच्या किनाऱ्यावर पाण्यात वीतभर खोलीपलीकडे काही दिसत नाही. अशा पाण्यात चकचकीत कृत्रिम आमिष फेकणे म्हणजे अंधाऱ्या खोलीत चित्र टांगणे होय. तेथे वासाचे आमिष पाहिजे, ताज्या कोलंबीचे किंवा कापलेल्या बोईचे. भांगाला गाळ खाली बसतो, पाणी निवळते, आणि डोळ्यांनी शिकार करणाऱ्या माशाला आमिष दिसू लागते. म्हणून उत्तर कोकणात कृत्रिम आमिषाचे दिवस नवमीपासून द्वादशीपर्यंतचे. ज्या एकादशीला नाशिकच्या घराघरांतून साबुदाणा भिजत असतो आणि माशाचे नावही काढले जात नाही, नेमकी तीच तिथी वैतरणेच्या मुखाशी पाणी निवळण्याची असावी, ह्यातील विनोद पंचांगकर्त्यांच्या लक्षात आला नसावा.

आता ज्या माशासाठी एवढा खटाटोप, त्याच्याकडे वळू. जिताडा हा आपल्या खाड्यांचा राजा. पालघरकडे त्याला खजुरा म्हणतात, गोव्यात चोणक, आणि ऑस्ट्रेलियात जो बारामुंडी म्हणून गाजलेला आहे तो हाच. त्याचे आयुष्य खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या सीमारेषेवर चालते. पावसाळ्याच्या तोंडाशी नद्यांच्या मुखापाशी, जेथे पाणी पुरेसे खारे असते, तेथे माद्या अंडी घालतात. पिल्ले उधाणाच्या पाण्याबरोबर खाजणात, नाल्यांत, पाणथळ भातखाचरांत शिरतात आणि गोड्या पाण्यातही सुखाने वाढतात. अलिबाग-पेणकडे घराशेजारच्या तळ्यांत जिताडे पोसण्याची आणि जावई किंवा साहेब आला म्हणजे त्याच्यासाठी एखादा काढण्याची जी वहिवाट आहे, तिचे मूळ माशाच्या ह्या स्वभावात आहे. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, जिताडा जन्मतः नर असतो आणि काही वर्षांनी, लांबी सुमारे ऐंशी-नव्वद सेंटिमीटरांच्या पुढे गेल्यावर, तोच मादी होतो. ह्या गोष्टीचा विचार शेवटी पुन्हा करावा लागेल.

जिताडा गाठावयाचा तर उघाडीवर जावे. कुलाब्याच्या जुन्या जमाबंदीत ज्यांना शिलोत्री म्हणत त्या खारजमिनी, आणि वसई-पालघरकडील तशाच खारबंदिस्त्या, खाडीचे पाणी आत येऊ नये म्हणून मातीच्या बांधांनी वेढलेल्या असतात. त्या बांधांत ठिकठिकाणी जी झडपांची दारे बसविलेली असतात त्यांना उघाडी म्हणतात. भरती चढू लागली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते. ओहोटी लागून बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की ती उघडते, आणि शेतात साचलेले पावसाचे पाणी वेगाने बाहेर पडू लागते. ह्या पाण्याबरोबर कोलंबीची पोरे, बोईची पिल्ले, खेकडे, बेडूक, जे काही आत अडकलेले असेल ते सारे वाहत येते, आणि तोंडाशी जिताडा उभा असतो. त्याची जागा ठरलेली असते: मुख्य प्रवाहात तो उभा राहत नाही, कारण तेथे नुसते टिकून राहण्यात शक्ती जाते, प्रवाहाच्या कडेला, भिंतीच्या किंवा खांबाच्या आडोशाला, जेथे धावते पाणी आणि थबकलेले पाणी यांच्यामध्ये फेसाची एक बारीक रेघ उमटलेली असते, त्या रेघेच्या आतल्या बाजूस तो प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. उघाडीवर नवखा मनुष्य आला की तो हटकून मधल्या खळखळाटात दोरी टाकतो. जुना माणूस ती रेघ शोधतो.

आमिष म्हणून जिवंत कोलंबीसारखे दुसरे काही नाही. पागाच्या, म्हणजे फेकून टाकायच्या जाळ्याच्या, एकदोन फेकींत बोटाएवढ्या कोलंब्या मिळतात. त्यांतली धडधाकट निवडून तिच्या डोक्यावरील करवतीसारख्या काट्याच्या मुळाशी गरी आडवी ओवावी. डोक्यात आत जो काळसर ठिपका दिसतो त्याला गरीचे टोक लागू देऊ नये; तेथे टोचले की कोलंबी तत्क्षणी मरते, आणि न लागले तर ती घटका-दीड घटका पाण्यात उड्या मारीत राहते. शिसे अगदी हलके, किंवा प्रवाह मंद असेल तर मुळीच नको. कोलंबी वाहत्या पाण्याबरोबर आपणहून त्या रेघेवरून जावी, तळाला रुतून बसू नये, ह्यावर सारे अवलंबून. दोरी रेघेच्या वरच्या अंगाला टाकून ती सैल-घट्ट करीत खाली येऊ द्यावी. जिताडा चावत नाही, गिळतो. तो आपला प्रचंड जबडा एकदम उघडतो आणि आत शिरणाऱ्या पाण्याबरोबर भक्ष्य ओढून घेतो, त्या वेळी पृष्ठभागाजवळ ‘डुब्’ असा जो पोकळ आवाज होतो तो एकदा ऐकलेला मनुष्य विसरत नाही. दोरी ताठ होताच काठी उचलावी. मासा मोठा असेल तर पहिल्या धावेतच तो पाण्याबाहेर अर्धे अंग काढून डोके झटकतो, गरी उडते ती बहुधा ह्याच क्षणी. म्हणून काठी वर न धरता पाण्यालगत आडवी धरून त्याला बाजूने ओढावे, म्हणजे उडी घेण्यास त्याला आधार मिळत नाही. गालावरच्या कल्ल्याच्या झाकणाची कड त्याची दुसरी तलवार होय. ती इतकी धारदार असते की मुख्य दोरी कितीही चांगली असली तरी शेवटचा हातभर भाग चाळीस ते साठ पौंडांच्या जाड तंगुसाचा (नायलॉनच्या दोरीचा) नसेल, तर ती कापली जाते. आणि मासा काठाला आल्यावर त्या झाकणाखाली बोटे घालणाऱ्याची बोटेही कापली जातात. खालच्या जबड्याला जाड कापडाने धरावे, हेच शहाणपणाचे.

उघाडी नसेल तेथेही तत्त्व हेच. तिवराच्या रानातून ओहोटीचे पाणी ज्या लहानशा नाळेने मुख्य खाडीत उतरते ती नाळ, दोन प्रवाह मिळतात तो कोपरा, पुलाच्या खांबामागे पडणारा भोवरा, रात्रीच्या दिव्याने पाण्यावर पडलेल्या उजेडाची आणि सावलीची सीमा, ह्या साऱ्या जागा एकाच कारणाने चांगल्या: तेथे पाणी लहान माशांना असहाय करते. भरतीच्या पहिल्या दोन तासांत जिताडा खाजणात वर चढतो आणि पांगतो, त्या वेळी तो शोधणे कठीण. ओहोटीच्या दुसऱ्या-तिसऱ्या तासात तो अशा जागांशी गोळा होतो. पाणी पूर्ण थांबलेले असते ती अर्धी घटका डबा उघडून भाकरी खाण्यास उत्तम आहे.

रावस हा ह्याच्या उलट प्रकृतीचा. आडोसा, खांब, खडक यांचे त्याला काही नाही. त्याला उघडे वाळूचे किंवा चिखलमिश्रित वाळूचे उथळ पाणी आवडते, आणि केळवे, शिरगाव, डहाणू, अर्नाळा ह्या सपाट पुळणींवर तो भरतीबरोबर अगदी लाटांच्या फेसापर्यंत येतो. त्याच्या छातीच्या परांखाली प्रत्येक बाजूस चार सुटे धागे असतात. गढूळ पाण्यात तळ चाचपून कोलंबी शोधण्याचे काम ते करतात, तर डोळ्यांवर चरबीचा पारदर्शक पडदा असतो. ओहोटीच्या वेळी कोरड्या पडलेल्या पुळणीवर एकदा फिरून यावे, हा रावसासाठी सर्वांत मोलाचा सल्ला. किनाऱ्याला समांतर ज्या उथळ घळी पडलेल्या दिसतील आणि त्यांना समुद्राकडून जेथे तोंड फुटलेले असेल, ती जागा किनाऱ्यावरच्या एखाद्या सुरूच्या झाडाशी जुळवून लक्षात ठेवावी, कारण भरतीबरोबर रावस त्याच तोंडातून आत येतो आणि ती घळ धरून चालतो. भरतीचा दुसरा आणि तिसरा तास त्याचा. येथे काठी लांब हवी, अकरा ते तेरा फुटांची, आणि शिसे शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे लाटांच्या पलीकडे फेक जाते व आमिष जागी राहते. रावसाचे तोंड नाकाडाच्या खाली आणि मऊ असते. जिताड्याप्रमाणे झटका दिला तर ते फाटते, म्हणून रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटण्यावरचा अटकाव, सैल ठेवून त्याला धावू द्यावे. तो धावतोही असा की काठी धरलेल्या माणसाला वयाचा विसर पडावा.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाकडे आल्यावर सारे चित्र बदलते. पाणी निवळ, चढउतार कमी, आणि डोंगराच्या सोंडा थेट समुद्रात उतरलेल्या. येथे खडकांच्या कपारींत तांबोशी आणि हेकरू राहतात. तांबोशी कोवळ्या वयात खाडीतल्या कांदळवनात असते आणि मोठी होऊन बाहेरच्या खडकांकडे जाते. तिचा पहिला हिसका हाच खरा लढा असतो: आमिष तोंडात घेऊन ती वळते ती सरळ कपारीकडे, आणि त्या दोन-तीन वावांत तिला अडविता आले नाही तर दोरी खडकावर घासून तुटते. ड्रॅग येथे पूर्ण आवळून ठेवावा लागतो, रावसाच्या बरोबर उलट. हेकरू त्याहून लबाड. तो कपारीत शिरून कल्ले फुगवितो आणि घट्ट रुतून बसतो, मग ओढून उपयोग नाही. अशा वेळी दोरी एकदम सैल सोडून स्वस्थ बसावे. ताण गेला की थोड्या वेळाने तो आपणहून बाहेर येतो, आणि दुसरी संधी मिळते. सुरमई सोंडांच्या टोकाशी जवळ येते ती पावसाळ्यानंतर पाणी निवळल्यावर. तिचे दात तंगूस सहज कापतात, म्हणून तारेचा तुकडा लावावा, एवढे सांगून तिला येथेच सोडतो, कारण ती खरी बाहेरच्या समुद्राची.

वाऱ्याचा विचार दक्षिणेत अधिक करावा लागतो. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहते, तेव्हा किनाऱ्यालगतचे पाणी काचेसारखे शांत असते आणि लहान माशांचे थवे जवळ राहतात. दहा-अकराच्या सुमारास वारा पडतो, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटला की खडकावर उभे राहणे अवघड होते. पहाट आणि ओहोटीचा दुसरा तास एकत्र येतील अशी तिथी शोधली तर ती चतुर्थी-पंचमीच्या आसपास सापडते: पंचमीला भरती पावणेचारला पूर्ण, म्हणजे सहाच्या सुमारास पाणी ऐन उतरणीला लागलेले असते. हा हिशोब घरी बसून करता येतो, आणि नाशिकहून निघणाऱ्याने तो निघण्यापूर्वीच करावा.

गरवणारे बुडतात ते पोहता येत नाही म्हणून क्वचितच. पाणी कोणत्या वेगाने चढते ह्याचा अंदाज चुकतो म्हणून अधिक. भरतीचे सहा तास सारखे नसतात. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, असा तो ढोबळमानाने विभागला जातो. डहाणूकडे ४.८ मीटरांचे उधाण धरले तर पहिल्या तासात पाणी चाळीस सेंटिमीटर चढेल, ज्याने मनुष्य निर्धास्त होतो. आणि तिसऱ्या तासात एक मीटर वीस, म्हणजे गुडघ्यावरचे पाणी डोक्याशी. सपाट पुळणीवर धोका समोरून येत नाही. आपण ज्या वाळूच्या उंचवट्यावर उभे असतो त्याच्या मागची घळ आधी भरते, आणि परतीची वाट बंद झाल्याचे कळते तेव्हा ती खोल झालेली असते. पावसाळ्यात दिवसाच्या भरत्या वर्षातील सर्वांत उंच असतात, शिवाय वारा नैर्ऋत्येचा. त्या दिवसांत खडकावर जाऊच नये. शिंगाळ्याच्या काट्याने हात सुजतो, म्हणून तो मासा गळावरून चिमट्याने सोडवावा. आणि फुगून बसणारा केंड गळाला लागला तर घरी नेऊ नये, त्याचे विष शिजवूनही जात नाही.

ऋतूंचा क्रम पाहता खाडीचा सर्वोत्तम काळ पाऊस ओसरल्यापासून थंडी पडेपर्यंतचा, आणि दुसरा वळवाच्या आधीचा. कडक थंडीत जिताडा मंदावतो. पण हा क्रम आता एकट्या पावसावर अवलंबून राहिलेला नाही. तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईकडे वळले, पुढे वैतरणेवर मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा अशी धरणे झाली, आणि जे गोडे पाणी पूर्वी आषाढापासून कार्तिकापर्यंत टप्प्याटप्प्याने मुखाशी येत असे, त्याचा मोठा हिस्सा महानगराच्या नळांत जातो. मुंबईला पाणी नको असे कोण म्हणेल? तथापि खाडीच्या मुखाशी खाऱ्या-गोड्याचा जो मेळ जिताड्याच्या पिल्लांना वर बोलावतो, तो त्यामुळे क्षीण झाला असल्यास आश्चर्य मानू नये. भर म्हणून वैतरणेच्या खाडीतील रेतीउपसा: तळ खरवडून निघाला की घळी, उंचवटे आणि आडोसे, ज्यांच्यावर वरचे सारे विवेचन उभे आहे, तेच नाहीसे होतात. ह्या दोहोंपुढे गळाने धरलेल्या माशांचा हिशोब नगण्य आहे, हे गरवणाऱ्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

तरीही एक गोष्ट त्यांच्या हाती उरते. जून आणि जुलै ह्या महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, ती विणीच्या काळासाठी. शिवाय राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली आहे. लहान मासा वाचला तर तो वाढून वीण घालील, असा ह्या नियमामागचा सरळ विचार, आणि बहुतेक माशांच्या बाबतीत तो पुरेसा आहे. जिताड्याच्या बाबतीत पुरेसा नाही. जो जन्मतः नर आणि उतारवयात मादी, त्याच्या कुळात मीटरभर लांबीचा प्रत्येक मासा बहुधा मादी असतो, आणि एकेक मोठी मादी एका मोसमात कोट्यवधी अंडी घालते. म्हणजे छायाचित्रासाठी जो सर्वांत आकर्षक, तोच खाडीला सर्वांत आवश्यक. माझे मत असे की मध्यम जिताडा घरी न्यावा आणि मोठा सोडावा. चवीचाही त्यात तोटा नाही, तीन-चार किलोंच्या माशाचे कालवण मोठ्यापेक्षा सरस होते. सोडताना त्याला जबड्याने उभा लोंबकळत धरू नये, पोटाखाली दुसरा हात द्यावा, आणि वाहत्या पाण्याकडे तोंड करून कल्ले नियमित हलू लागेपर्यंत धरून ठेवावे. दमलेला मासा नुसता टाकून दिला तर तो उताणा होऊन ओहोटीबरोबर वाहून जातो. शेपटीने हात झटकून तो स्वतः निघाला, म्हणजे सोडावयास हरकत नाही.